कोकणातल्या लेण्यांमधून गावच्या विहारासाठी काय घ्यावं?

माणगाव तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतून हा प्रश्न आलाय. जुना पत्र्याचा विहार पाडून नवा बांधायचं ठरलंय. इंजिनिअरने ड्रॉइंग दिलंय: पुढे सांचीच्या तोरणासारखी सिमेंटची कमान, वर घुमट. कमिटीतला एक तरुण विचारतो, "आपल्याकडे एवढी लेणी आहेत, मग बांधणीची आपली म्हणून काही परंपरा आहे की नाही? की सगळं सांची-अजिंठ्याकडूनच उसनं आणायचं?"

जय भीम. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा. रायगड-रत्नागिरीतली लेणी मोजायची, नकाशे काढायचे, पाणी कुठून झिरपतं ते शोधायचं, हे काम मी सव्वीस वर्षं करतोय. त्यामुळे मूर्तींपेक्षा गळतीवर जास्त बोलेन, ती खोड आहे.

परंपरा आहे. मात्र अजिंठा डोळ्यापुढे ठेवून कोकणातलं लेणं बघायला गेलात तर हिरमोड होतो. बहुतेकांचा होतोच. मांदाडजवळच्या कुडे लेण्यांना आलेली मंडळी दहा मिनिटांत फोटो काढून "इथे काहीच नाही" म्हणत उतरताना मी कितीदा पाहिलीत. त्यांना एकच सांगतो, आत शिरायच्या आधी अंगणात थांबा आणि टाकं शोधा. लेण्याच्या तोंडाशी, एका बाजूला, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं बहुतेक ठिकाणी असतंच. शिलालेखांत दान नोंदवताना लेणं आणि टाकं अशी जोडीच येते, 'लेण' आणि 'पोढि'. 'लेण' हा शब्द दोन हजार वर्षं जवळपास तसाच राहिला, आजही आपण 'लेणं' म्हणतो. 'पोढी' मात्र अभ्यासकांच्या बोलण्यात तेवढी उरली. खोली आणि पाणी, कोकणातल्या बांधणीचा पाया हा एवढाच. बाकीचं त्यावर रचलेलं.

सुरुवात डोंगरात झालेली नाही, बंदरात झाली. नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात धम्म या किनाऱ्याला लागला होता. तिथल्या ज्या उंचवट्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे, तो 1882 साली पुरातत्त्व-अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी खणला. आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, असं एकात एक उघडत गेल्यावर सगळ्यात आत सोन्याची डबी, आणि तिच्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्तीही होत्या, त्या नंतरच्या काळात ठेवलेल्या. सोनं, चांदी, तांबं हे सगळं खापराच्या तुकड्यांना सांभाळायला.

बंदरातून माल घाटावर जायचा. सोपारा, कल्याण, चौल इथून निघून बोरघाट, नाणेघाट आणि आज नावंही पुसली गेलेल्या कितीतरी पायवाटांनी. लेण्यांचा नकाशा घ्या आणि त्यावर घाटवाटा आखा. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे, सुधागडच्या बाजूला ठाणाळे आणि खडसांबळे, महाडला गांधारपाले आणि कोल, मांदाडच्या खाडीशी कुडे. एक तर घाटाचं तोंड, नाहीतर खाडीचं. व्यापाऱ्याला मुक्काम हवा, भिक्खूला भिक्षा हवी आणि पावसाळ्यात एका जागी राहायला कोरडी खोली हवी.

ही शेवटची गरज कोकणात फार मोठी. वर्षावास सगळीकडच्या भिक्खूंना होता. पण घाटावरचा पाऊस आणि आपल्याकडचा पाऊस यात काय फरक आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. कान्हेरीच्या एका शिलालेखात कल्याणचा अपरेणुक नावाचा व्यापारी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सोळाव्या वर्षी लेणं देतो, वर 200 कार्षापणांची (तेव्हाची नाणी) अक्षयनीवी ठेवतो, म्हणजे मूळ रक्कम मोडायची नाही, आणि मंगलस्थान गावातलं शेत लावून देतो. त्या उत्पन्नातून तिथे पावसाळा काढणाऱ्या भिक्खूला चीवराचा, म्हणजे वस्त्राचा, खर्च मिळावा, अशी सोय. मंगलस्थान म्हणजे बोरिवलीचं मागाठाणे. बसच्या पाटीवर रोज वाचतो तेच.

आता बांधणी. 'बांधणी' म्हणतोय खरा, पण लेण्यात काही बांधत नाहीत, काढून टाकतात. आधी छत, मग खाली खाली. बांबूची परांची बांधायची नाही, उरलेला कातळच पाथरवटाला उभं राहायला जमीन देतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गांधारपाल्याचं पहिलं लेणं बघा. दर्शनी ओवरीत खांबांची रांग आहे, त्यातल्या एकाच खांबाचं काम पुरं झालंय. बाकीचे चौकोनी ठोकळे तसेच सोडलेत. त्या पुऱ्या खांबाजवळ उभं राहून शेजारचा ठोकळा बघितला की पाथरवटाचा हात कळतो: आधी चौकोन राखायचा, मग कोपरे मारून अष्टकोन काढायचा. छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसतात. मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो आणि तासभर काही बोलत नाही.

अपुरी कामं कोकणात पुष्कळ. कान्हेरीचं पहिल्या क्रमांकाचं लेणं दुमजली चैत्य, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, व्हायचं होतं, ते दोन मोठ्या खांबांपाशी थांबलं. गावोगावी याची एकच गोष्ट सांगतात: पांडव एका रात्रीत कोरत होते, कोंबडा आरवला आणि काम राहिलं. गोष्ट छान आहे. पण कोंबड्याच्या जागी मी दात्याचे पैसे संपले असं वाचतो, नाहीतर कातळात सांध लागली असं.

कातळाचं थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या जोत्याचाही त्याच्याशी संबंध आहे. आपला काळा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो. पाणी वरून सांधीतून उतरतं आणि त्या पट्ट्याशी आलं की आडवं धावतं. जुन्या पाथरवटांना हे पक्कं माहीत होतं. घट्ट थर निवडून त्यातच खोली बसवलेली तुम्हाला दिसेल, आणि जिथे अंदाज चुकला तिथे खोली सोडून दिलेली. दक्षिणेकडे जांभ्याचा सडा सुरू झाला की लेणी विरळ होत जातात, त्यालाही दगडाचं हे एक कारण असावं असं माझं मत आहे.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान लेण्यात मागच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. मी सिमेंटने सांध भरायला सांगितली. मे महिन्यात काम झालं, भिंत कोरडी, मी खूश. ऑगस्टमध्ये पाणी दोन हात बाजूला फुटलं आणि जाताना भिंतीचा पापुद्राच घेऊन गेलं. त्यावर अक्षरं नव्हती हे नशीब. त्या कातळाच्या माथ्यावर चढलो तेव्हा दिसलं, जुन्या लोकांनी तिथे बोटभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवलं होतं आणि तो चर माती-गवताने बुजला होता. मजुराने तो एका दिवसात मोकळा केला. माझ्या सिमेंटला आठवडा लागला होता.

पाण्याची सगळ्यात मोठी शाळा कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकाशी टाकं. जुलैत जा, भरपावसात. माथ्यावरच्या कातळात काढलेल्या पन्हळींतून पाणी धावतं, लेण्याच्या कपाळावरून बाजूला वळतं आणि टाक्यात पडतं. पायऱ्यांच्या कडेलाही चर आहेत. काही लेण्यांच्या अंगणात कातळात गोल खळगे दिसतात, ते मांडवाचे खांब रोवायचे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आपण आगोटीला पडवीपुढे झापं बांधतो ना? तिथेही असंच काहीतरी उभारत असणार, ते लाकूड आणि पानं कुजून गेली आणि खळगे राहिले.

यावरून एक मुद्दा येतो, त्याचं अनेकांना नवल वाटतं. कोकणातलं सगळ्यात जुनं लाकडी घर बघायचं असेल तर ते दगडात बघावं लागतं. कोंडाण्याच्या चैत्याची दर्शनी बाजू नीट न्याहाळा. पिंपळपानाच्या आकाराची कमान, तिच्याखाली वाश्यांची टोकं, लाकडी कठड्याची नक्कल, जाळी. दगडात वाश्याच्या टोकाचं काही काम नसतं. पण कोरणाऱ्याला सुताराचं घर ओळखीचं, त्याने तेच उतरवलं. आत छताला खऱ्या लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या. तशा फासळ्या कार्ल्याला अजून जागेवर आहेत. तिथेच एकवीरेच्या दर्शनाला आपली कोळी-आगरी मंडळी वर्षानुवर्षं घाट चढून जातात. देवळाच्या दारातच चैत्य उभा आहे. कोंडाण्याच्या दर्शनी भागावर एका यक्षाच्या डोक्याशी ब्राह्मीत नोंद आहे: कन्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. शिल्पकाराचं नाव एवढ्या जुन्या काळातून आपल्यापर्यंत पोचणं दुर्मीळ.

अंधेरीच्या महाकाली लेण्यांत, म्हणजे कोंडिविट्याला, याहून मजेशीर प्रकार आहे. चैत्याच्या आत कातळातच एक गोल झोपडी कोरलीय, तिच्यात स्तूप. असा आराखडा बिहारमध्ये बराबरच्या डोंगरात दिसतो. अशी गोल झोपडी मात्र पुढे कोकणात रुळली नाही.

मग रुळलं काय? ते बघायला कुडे. तुमच्या गावाहून फार लांब नाही, कमिटीला घेऊनच जा. सव्वीस लेणी आहेत, त्यातली पाच चैत्यगृहं. कार्ल्यासारखी कमानी छताची, मागे गोलाई घेतलेली नाहीत. सपाट छत, चौकोनी खोली, पुढे ओवरी, भिंतीला दगडी ओटा, आणि आतल्या गाभाऱ्यात स्तूप, ज्याची छत्री थेट छताला जाऊन भिडलेली. हा चौकोनी चैत्य कोकणाने आपलासा केला असं मी मानतो. तो साधा आहे, कमी कोरावं लागतं, कमी पैशात होतो. एका कुटुंबाच्या दानात बसतो.

आणि दान कोणाचं, तेही कुड्याच्या भिंतींवर लिहिलंय. महाभोज घराण्याची माणसं आहेत, ते इथले सत्ताधीश. पण त्यांच्या शेजारीच कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे, त्याने लेणं दिलं. वैद्याच्या घरातलं दान आहे. माळी आहे. राजघराणं आणि फुलं विकणारा एकाच डोंगरात, सारख्याच अक्षरांत. सहाव्या लेण्यात हत्ती आणि दांपत्यं कोरलेली आहेत, ती सगळे बघतात. माळ्याचं नाव कोणी बघत नाही.

गांधारपाल्यालाही राजपुत्राचं नाव आहे, कानभोज विष्णुपालित. पण तिथे मी ज्यासाठी थांबतो ती गोष्ट वेगळी. एका लेण्यात स्तूप पूर्ण तासून काढून टाकलाय. जमीन सपाट. मान वर केली की छताला छत्री तशीच चिकटलेली, खाली काहीच नाही. कोणी, कधी काढला यावर तर्क करता येतात, मी करत नाही. छत छत्रीला सोडायला तयार नाही, एवढं दिसतं.

पुढची शतकं भराभर सांगतो. पाचव्या-सहाव्या शतकात कान्हेरीत मोठी भर पडली: तिसऱ्या लेण्याच्या ओवरीतले दोन भव्य बुद्ध, सुमारे सात मीटर उंच, नंतर अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, शिल्पं, त्यात एकेचाळिसाव्या लेण्यातला अकरा मस्तकांचा. नवव्या शतकात, कोकणावर शिलाहार घराण्याचं राज्य असताना, तिथे लेख कोरले जात होते. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक 100 द्रम्म (तेव्हाची नाणी) ठेव ठेवून गेला. 1009 आणि 1021 साली पारशी मंडळी बघायला आली आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. (भिंतीवर नाव लिहायची सवय जुनी आहे, म्हणून आज कोळशाने लिहिणाऱ्यांना माफी नाही.)

दापोलीजवळ पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. ती 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी उजेडात आणली. तिथे बौद्ध परंपरेचा शेवटचा अंक दिसतो: आधीची साधी लेणी, मग वज्रयानाच्या, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाच्या, मूर्ती, अक्षोभ्य, महाचंडरोषण. आणि मग त्याच खोल्यांत नाथपंथी येतात, गणपती येतो. 1139च्या शिलाहार ताम्रपटात हे गाव 'प्रणालक' नावाने येतं. कोकणातून बौद्ध धम्म एका दिवसात हाकलला गेला असं लोक बोलतात, तेव्हा मी पन्हाळेकाजी बघायला सांगतो. तिथे राहणारे बदलत गेले. खोली तीच, पाणी तेच.

यानंतर शेकडो वर्षं ही लेणी गुरं बांधायला, सरपण ठेवायला, क्वचित पूजेला. गांधारपाले महाडपासून दोन-तीन किलोमीटरवर, हायवेवरून दिसतं. 20 मार्च 1927ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच महाडात. 1956च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आपल्या गावांतल्या हजारो घरांसाठी ही लेणी 'पांडवांची' राहिली नाहीत. आता बुद्धपौर्णिमेला तिथे पांढरे कपडे दिसतात, वंदना होते. परंपरेचा वारसा म्हणतात तो मला असा दिसतो: जागा मोकळी पडली होती, तिला पुन्हा माणसं मिळाली.

बांधकामात मात्र हा वारसा पुरता उतरला नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. दादरच्या चैत्यभूमीला सांचीचं तोरण आलं, ते योग्यच होतं, 1971 साली देशभरातल्या लोकांना ओळखू येईल असं चिन्ह हवं होतं. गोराईचा विपश्यना पॅगोडा 2009 साली खुला झाला, त्याची धाटणी म्यानमारची, घुमटाचा दगड राजस्थानचा. खांबाशिवाय पेललेला तो घुमट इंजिनिअरने बघण्यासारखा आहे. पण गावोगावच्या विहारांनी या दोन्हींची सिमेंटमधली लहान नक्कल सुरू केली आणि पावसाने तिचा हिशोब चुकता केला. घुमट आणि स्लॅबच्या सांध्यात गळती, तोरणाच्या आडव्या पट्ट्यांवर पाणी साचून सळ्या गंजलेल्या. असे विहार मी डझनावारी बघितलेत. चार वर्षांत वर पत्रा येतो, आणि मग घुमट पत्र्याखाली झाकला जातो.

तुमच्या विहारासाठी मी काय करीन? घुमट काढीन. कुड्यासारखी चौकोनी खोली, पुढे किमान आठ फूट खोल ओवरी, वर उतरतं छप्पर, वळचण भरपूर बाहेर. ओवरीला चार खांब पुरेत आणि ते नुसते अष्टकोनी ठेवा, नक्षी नको. आतल्या तिन्ही भिंतींना बसका ओटा बांधा, म्हातारी माणसं वंदनेला टेकून बसतील आणि खुर्च्यांचा खर्च वाचेल. दारावर पिंपळपान कमानीची एकच खिडकी, तिच्यातून उजेड समोरच्या बुद्धमूर्तीवर पडला पाहिजे. कान्हेरी-कार्ल्याला उजेड असाच येतो. मात्र दार पश्चिमेला असेल तर खिडकीला आतून झडप हवी, नाहीतर जूनमध्ये मूर्ती भिजेल. कमान हवीच असेल तर आवाराच्या फाटकाला करा, इमारतीला चिकटवू नका, म्हणजे ती गळली तरी विहार कोरडा राहील.

टाकं विसरू नका. छपराचं पाणी पन्हळीतून एका कोपऱ्यात उतरवा, तिथे झाकणाचं टाकं बांधा. एप्रिल-मे महिन्यात वाडीत टँकर येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून टाकं विहाराइतकंच जरूर आहे असं समजा. बजेट कमी पडलं तर फरशी साधी घ्या, टाक्याला हात लावू नका.

आणि दात्यांची पाटी. संगमरवरावर आमदाराचं नाव वर आणि बाकीचे 'ग्रामस्थ मंडळ' असं नको. कुड्याच्या चालीने लिहा: नाव, गाव, धंदा, काय दिलं. रिक्षावाल्याने दोनशे विटा दिल्या असतील तर तसंच कोरा. मुंबईला चाळीत राहणाऱ्या आत्याने दरवाजाचे पैसे पाठवले तर तिचं नाव तिच्या गावासकट येऊ द्या.

शेवटचं, इंजिनिअरला सांगा की जोत्याची आखणी दिवाळीनंतर करू. येत्या जुलैत दोन-तीन जणांनी छत्र्या घेऊन त्या जागेवर उभं राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते चुन्याने, नाहीतर खुंट्या मारून खूण करा. त्याचा फोटो आणि जागेचं कच्चं मोजमाप मला पाठवा. मग खोलीचं तोंड कुठे आणि टाकं कुठल्या कोपऱ्यात ते बसून ठरवू.